इम्प्लांटभोवतीची हिरडी सरकल्यावर: पुण्यातील एका दवाखान्याचा अनुभव

चार वर्षांपूर्वी वरच्या पुढच्या दाताच्या जागी बसवलेल्या माझ्या इम्प्लांटची, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेल्या धातूच्या कृत्रिम मुळाची, हिरडी हळूहळू वर सरकली आणि त्यावरच्या कृत्रिम दाताच्या, म्हणजे कॅपच्या, कडेला धातूची राखाडी रेघ दिसू लागली, म्हणून मी पुण्यातील एका हिरडीतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी लगेच तारीख दिली नाही, हे मला प्रथम आवडले. इम्प्लांटभोवती पू किंवा हाडाची झीज आहे का आणि इम्प्लांट नेमका कुठे बसला आहे, हे आधी तपासले. कारण इम्प्लांट ओठाच्या बाजूला फारच बाहेर बसला असेल, तर हिरडी कितीही खाली ओढली तरी ती टिकत नाही आणि इम्प्लांट काढण्याचाच विचार करावा लागतो. माझा किंचितच बाहेर होता.

पर्याय दोन होते: टाळूच्या आतल्या थरातून घेतलेले कलम (हिरडीत बसवायचा ऊतीचा तुकडा), किंवा तयार मिळणारे कोलॅजेनचे पटल. हे पटल डुकरापासून बनते, हे डॉक्टरांनी न विचारता सांगितले. पातळ हिरडीला टाळूचेच कलम अधिक जाडी देते, म्हणून मी ते निवडले. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात, इम्प्लांटमध्ये तसे रुतत नाहीत आणि रक्तपुरवठाही तुलनेने कमी असतो. त्यामुळे रेघ झाकली जाईल, परंतु हिरडी शेजारच्या दाताइतकी खाली येईलच असे नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले.

शस्त्रक्रियेत कॅप काढून, हिरडीला वरून मोठी चीर न देता आतून बोगद्यासारखी जागा करून कलम सरकवले. दुखले ते हिरडीत नव्हे, टाळूला! सूचनापत्रकात मात्र ‘थोडी अस्वस्थता’ एवढेच छापले होते, आणि टाळूची जखम झाकायला बसवायची प्लेट मला दुसऱ्या दिवशी फोन केल्यावर मिळाली. ती पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती. आठवडाभर गार मऊ भात आणि ताक यांवर काढले. तात्पुरत्या कॅपचा खर्चही अंदाजपत्रकात नव्हता, तो ऐनवेळी कळला. टाके चौदाव्या दिवशी निघाले. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्यांनी दातांवर चढलेले तपकिरी डाग त्यांनी त्याच भेटीत विनाशुल्क काढले.

आता आठ महिने झाले आहेत. रेघ दिसत नाही; ओठ बोटाने उचलून पाहिले, तर शेजारच्या दाताशी अर्ध्या मिलिमीटरचा फरक जाणवतो, तो मला आधीच सांगितलेला होता.