आरमधलं बिबएन्ट्री, आठ महिने वापरून (आणि गणपत आडनावाचे सावंत)

मी रत्नागिरीत असते, खाडीतल्या तिसऱ्यांवर (शिंपल्यांवर) काम चाललंय, आणि संदर्भांची यादी चारशेच्या वर गेलीय. आधी सगळं वर्डमध्ये हाताने टाईप केलेलं. एका जर्नलला वर्ष कंसात पाहिजे, दुसऱ्याला शेवटी, की बसा परत पहिल्यापासून. जूनमध्ये होड्या वर ओढल्या, सॅम्पलिंग बंद, तेव्हा म्हटलं हे एकदाचं निस्तरूया. आर, म्हणजे आकडेमोडीची प्रोग्रामिंग भाषा, ती तर रोज उघडतेच, आणि संदर्भ साठवायची बिबएन्ट्री ही सोय तिच्यातच आहे.

तर बिबएन्ट्रीत एक संदर्भ म्हणजे एक ऑब्जेक्ट, खणांची एक पेटीच म्हणा. शीर्षक, वर्ष, जर्नल सगळं वेगवेगळ्या खणात, आणि लेखक तर स्वतःच वेगळा पर्सन ऑब्जेक्ट, त्यात नाव वेगळं आडनाव वेगळं. तीच नोंद साध्या मजकुरात छापा, एचटीएमएलमध्ये छापा नाहीतर बिबटेक या संदर्भांच्या ठरलेल्या साच्यात (डॉट बिब फाईल) काढा, मूळ नोंदीला हात लावावा लागत नाही. हे खरंच आवडलं. फाईल आपल्याच लॅपटॉपवर, त्यामुळे पावसात नेट गेलं तरी काम अडत नाही, आणि आमच्याकडे ते जातंच.

आता रड. आपल्याकडे जुन्या अहवालांत नावं आडनाव आधी, मग नाव, मग वडलांचं नाव अशी, मधे स्वल्पविराम नाही. आर शेवटचा शब्द आडनाव धरतं. म्हणजे सावंतांचं आडनाव झालं गणपत, आणि ते एसऐवजी जीमध्ये जाऊन बसले! दोन महिने लक्षात नाही आलं, मग एका दुपारी डॉट बिब फाईलमधल्या पावणेदोनशे नावांत आडनावानंतर स्वल्पविराम घालत बसले. संस्थांचं पण तेच. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं इंग्रजी नाव महिरपी कंसात नाही टाकलं तर आडनाव इन्स्टिट्यूट.

दुसरं म्हणजे शिस्त जरा जास्तच. नोंदीचा प्रकार आर्टिकल म्हटलं की जर्नलचं नाव हवंच. आरला जोडायच्या बिबटेक नावाच्याच पॅकेजने डॉट बिब फाईल वाचताना ज्या नोंदीत ते नाही ती सरळ वगळली जाते. तसा मेसेज येतो, पण चारशे ओळींत तो कोण वाचतंय. माझ्या अशा एकोणीस गळल्या, सगळी जुनी स्थानिक बुलेटिनं, म्हणजे नेमकी जी दुसरीकडे कुठे मिळत नाहीत ती. त्यांचा प्रकार बदलून टेकरिपोर्ट (तांत्रिक अहवाल) केला, संस्था भरली, तेव्हा आत आल्या. काहींना वर्षच नव्हतं, त्या मिसलेनियस (किरकोळ) प्रकारात ढकलल्या.

आणि सगळ्या नोंदींची वर्षं घेऊन आरच्या अनलिस्ट फंक्शनने एका सरळ यादीत आणलीत तर रिकामी वर्षं गायब होतात, यादी आखूड होते आणि पुढची वर्षं भलत्याच नोंदींना चिकटतात. सॅप्लाय हे फंक्शन एकेका नोंदीवर लावून रिकाम्या जागी एनए (माहिती नाही) भरा. माझा एक ग्राफ यातच फुकट गेलाय.

लेखक किंवा वर्षावरून शोधायचं, डीओआयवरून (लेखाचा ऑनलाइन ओळख क्रमांक) नोंद ओढायची तर रेफमॅनेजआर हे पॅकेज घ्या, त्याचा ऑब्जेक्ट बिबएन्ट्रीवरच बांधलाय त्यामुळे नवीन शिकायला फार नाही.

परवा ज्युनिअरला अख्खी फाईल दिली, सगळं समजावून. तिने छापून काढली आणि वर्डमध्ये पेस्ट केली.