मोफत जादा वर्ग कोणाच्या हाती द्यावेत?

जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपरिषदेच्या शाळांत मागे पडलेल्या मुलांसाठी थोडे पैसे हाताशी आले, मग ते सेस फंडातले, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातले असोत, की एखाद्या कारखान्याच्या सीएसआरमधले, म्हणजे समाजकामासाठी ठेवलेल्या निधीतले, की टेबलावर चार प्रस्ताव येतात. शिक्षकांनीच शाळा सुटल्यावर जादा तास घ्यावेत. गावातल्या बारावी झालेल्या मुली मानधनावर नेमाव्यात. टॅब घ्यावेत. नाहीतर गावातल्या क्लासवाल्यांना मुलामागे पैसे द्यावेत. मी काही वर्षं एका तालुक्यात हे काम जवळून पाहिलं आणि चारही प्रकारांत हात पोळून घेतले. तुम्ही समितीवर असाल आणि पुढच्या बैठकीत ठराव घ्यायचा असेल, तर हे वाचून जा.

आधी क्लासवाल्यांचा प्रस्ताव निकाली काढू, कारण त्यावर फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. अमेरिकेत हा प्रयोग देशभर झाला. तिथल्या २००१च्या शिक्षण कायद्यात तरतूद होती, की सलग तीन वर्षं निकाल न सुधारलेल्या शाळांतल्या गरीब मुलांना मोफत शिकवणी मिळावी. शिकवणी कोणाची, ते राज्याने मान्य केलेल्या यादीतून पालकांनी निवडायचं आणि पैसे स्थानिक शिक्षण प्रशासनाने भरायचे. २००४-०५ मध्ये पात्र मुलांपैकी पाचातलं जेमतेम एक मूल या शिकवणीपर्यंत पोहोचलं. २०१५च्या नव्या कायद्यात ही सक्ती गेली. आपल्याकडे अडचण आणखी सरळ आहे. क्लासवाला पाठ्यपुस्तकाचा धडा पुढे नेतो, आणि ज्याला जोडाक्षर वाचता येत नाही तो मागच्या बाकावर बसून वही रंगवतो. पैसे मात्र हजेरीप्रमाणे द्यावे लागतात.

आता शिक्षक. वरवर पाहता हाच सगळ्यात स्वस्त आणि सभ्य पर्याय. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाने प्रत्येक मुलाची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवावं असं लिहिलेलंच आहे, आणि कलम २८ ने त्याला खासगी शिकवणी बंद केली आहे. म्हणजे मोफत जादा तास हे त्याचंच काम. पण द्विशिक्षकी शाळेत जाऊन बघा. दोन शिक्षक, चार वर्ग, त्यात ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशेब, मतदारयाद्या. अशा माणसाला साडेपाचपर्यंत थांबा म्हणणं सोपं असतं, थांबला का हे बघणं अवघड.

तरी शिक्षकांना दोष देऊन मोकळं होऊ नका. २०१२-१३ मध्ये हरियाणात सरकारी शिक्षकांनीच हे काम केलं आणि मुलांची भाषा सुधारली. तिथे शाळेच्या वेळेतच एक तास बाजूला काढला होता, त्या तासाला मुलं इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनपातळीप्रमाणे बसवली जात, आणि वरचे अधिकारी येऊन बघत. त्याआधी बिहारमध्ये शिक्षकांना प्रशिक्षण आणि पुस्तकं देऊन नेहमीच्या शाळेत सोडलं, तेव्हा फारसं काही हाती लागलं नव्हतं. २००८च्या उन्हाळ्यात तिथल्याच सरकारी शिक्षकांनी फक्त वाचन-गणिताची शिबिरं घेतली, तर मुलं वाचायला लागली. माणसं तीच. धडा संपवायचं ओझं तेवढं काढलं होतं.

वेळेबद्दल जरा थांबून बोलतो, कारण कोण शिकवणार यावर दोन-दोन तास चर्चा होते आणि घंटा कधी हा मुद्दा चहा आल्यावर पाच मिनिटांत उरकतात. आमच्या एका शाळेत यादीत चौतीस नावं होती. शाळा सुटल्यावरच्या वर्गाला मी अचानक गेलो, तर अकरा मुलं. त्या अकरांतल्या आठ जणांना गोष्ट वाचता येत होती. म्हणजे आली ती हौसेची पोरं. ज्यांच्यासाठी वर्ग काढला त्यातला एक शेळ्या वळायला गेलेला, एक जण बहिणीला सांभाळत बसलेली, आणि दोघांना ‘ढ’ पोरांच्या वर्गाला थांबायची लाज वाटत होती. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात गावातल्या स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग चालवले होते. जी मुलं आली त्यांची प्रगती डोळ्यांत भरण्याजोगी होती, पण ज्यांना वाचता येत नव्हतं त्यातली जेमतेम तेरा टक्के मुलं आली. शिकागोतल्या काही सरकारी हायस्कुलांनी यातून मार्ग काढला तो असा: दोन मुलांमागे एक शिकवणारा, रोज एक तास, आणि तो तास शाळेच्या वेळापत्रकातच. दोन मुलांमागे एक माणूस आपल्याला परवडायचा नाही. वेळापत्रकात एक तास काढायला मात्र पैसे लागत नाहीत.

म्हणून माझं मत मानधनावरच्या ताईंच्या बाजूने आहे. गावातली मुलगी, शाळेच्या वेळेत, वीसच्या आत मुलं. ही कल्पना मुंबईतलीच. ‘प्रथम’ संस्थेने महापालिका शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतल्याच, दहावी-बारावी झालेल्या, तेव्हा महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मानधनावर. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं त्या दिवसातले दोन तास वेगळी बसवत. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात अभ्यासकांनी हे मोजलं. बालसखीकडे गेलेल्या मुलांचे गुण स्पष्ट वाढले. मुलं कमी झाल्यामुळे उरलेल्या वर्गाला काही फायदा झाला का? नाही. नुसता पट कमी करून भागत नाही, हे त्यातून कळलं.

ताई नेमकं काय करते ते एकदा बघाच. पाचवीतल्या एका मुलीने ५२ वजा १७ चं उत्तर ४५ लिहिलं. वर्गात अशा उत्तरावर लाल फुली पडते आणि पुढचं गणित सुरू होतं. टॅबवर ‘पुन्हा प्रयत्न करा’ येतं, आणि पुन्हा ४५च येतं. ताईने विचारलं, “कसं केलंस, मला सांग.” मुलगी म्हणाली, “सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार.” खालच्यातून वरचं वजा! ताईने दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढे ठेवल्या आणि सतरा काढायला सांगितलं. दोनच सुट्या आहेत म्हटल्यावर मुलीने स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढलं. हातचा म्हणजे काय ते तिला तेव्हा समजलं. या सगळ्याला आठेक मिनिटं लागली. चाळीसच्या वर्गात ती मिळत नाहीत.

ताईंचे तोटेही ऐकून ठेवा. त्या टिकत नाहीत. लग्न ठरतं, पोलीस भरती निघते, एमआयडीसीत जास्त पैसे मिळतात. आमच्याकडे एका वर्षी मानधन चार महिने अडकलं आणि दिवाळीनंतर नऊपैकी पाच जणी आल्याच नाहीत. दुसरं, काही मुख्याध्यापक त्यांना फुकटची बदली शिक्षिका समजतात. गुरुजी रजेवर गेले की ताई वर्गावर. तिसरं म्हणजे, वर्ग बंद पडला की मिळवलेलंही ओसरतं. बालसखीच्या अभ्यासात कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरातच फायद्याचा बराच भाग गेलेला दिसला. एकाच वर्षाचे पैसे असतील तर सगळ्या शाळा घेऊ नका. निम्म्या घ्या आणि दोन वर्षं चालवा.

खर्चाचा अंदाज साधा आहे. मानधन महिना पाच हजार धरा, दहा महिने. दोन तुकड्या मिळून चाळीस मुलं. मुलामागे वर्षाला साडेबाराशे रुपये, साहित्य आणि प्रशिक्षण वेगळं.

टॅबचं गणित याच्यापेक्षा फसवं असतं, कारण यंत्र दिसतं आणि त्याच्याशेजारी बसणारं माणूस हिशेबात दिसत नाही. बालसखीच्याच अभ्यासात बडोद्याला चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले होते. गणितात फायदा बालसखीपेक्षाही जास्त झाला, पण मुलामागचा वार्षिक खर्च जवळपास सातपट होता. यंत्रं तेव्हापासून स्वस्त झाली, हे मान्य. कपाट मात्र तेच राहिलं. आमच्याकडे वीस टॅब आले, डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या मालमत्तेच्या वहीत, नोंद झाली, आणि एखादा हरवला तर भरपाई कोण देणार या धास्तीने ते कुलपात गेले. पाहणीच्या दिवशी बाहेर काढले तर निम्म्यांना चार्जिंग नव्हतं.

एका ठिकाणी मात्र मी स्वतः टॅबकडे झुकेन: सातवी-आठवीचं गणित. तिथे बारावी कला शाखेची ताई अपूर्णांकांवर अडते, तिला दोष नाही. त्या वयात एकाच बाकावरच्या दोन मुलांत चार-चार इयत्तांचं अंतर असतं. दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेनंतरची केंद्रं होती. दीड तासापैकी निम्मा वेळ मुलाच्या पातळीप्रमाणे बदलणारं सॉफ्टवेअर, निम्मा वेळ छोट्या गटात माणूस. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत चांगली वाढ दिसली. तुमच्याकडे तसं करायचं तर सॉफ्टवेअर पाठ्यपुस्तकाची चित्रं हलवून दाखवणारं नको, चुकीप्रमाणे खाली उतरणारं हवं. ठराव लिहिताना ताईचं मानधन आणि टॅबची खरेदी एकाच कलमात घ्या, म्हणजे एक मंजूर आणि दुसरं प्रलंबित असं होणार नाही. आणि कपाटाची दुसरी किल्ली ताईकडे राहील, हरवल्याची जबाबदारी समितीची, हे वाक्य त्यातच लिहून घ्या.