असेंबल पीसी + विंडोज ११ प्रो : नऊ महिने वापरल्यानंतर

जीएसटी आणि इन्कम टॅक्स रिटर्नचं काम आहे माझं, इचलकरंजीत, बहुतेक क्लायंट सूतवाले आणि लूमवाले. दिवाळी पाडव्याला ऑफिससाठी नवीन असेंबल पीसी घेतला, दुकानदाराने विंडोज ११ प्रो टाकून दिलं, बिलावर "विथ ओएस" असं लिहिलेलं, ॲक्टिव्हेशन (लायसन्स मान्य असल्याची विंडोजची नोंद) बघितलं तर ॲक्टिव्ह दिसत होतं. म्हटलं झालं काम.

मशीनला नावं ठेवायला जागा नाही, एसएसडीमुळे पटकन उठतो, टॅली आणि एक्सेल आणि ब्राउझरचे वीस टॅब एकदम उघडे असले तरी अडत नाही. पण एप्रिलच्या वीस तारखेला, म्हणजे जीएसटीच्या महिन्याच्या रिटर्नची, ३बीची, शेवटची तारीख, सकाळी पीसी लावला तर खाली उजव्या कोपऱ्यात "ॲक्टिव्हेट विंडोज" असं पुसट अक्षरात आलेलं. ते अक्षर कुठल्याही विंडोच्या वरच दिसतं, एक्सेलच्या शेवटच्या कॉलमवर, क्लायंटला स्क्रीन दाखवताना पण. मी तर घाबरलो की आता रिटर्न जातंय की नाही. गेलं, काम काही बंद पडत नाही, वॉलपेपर-बिलपेपर बदलता येत नाही आणि ते अक्षर जात नाही. पण समोर बसलेल्या क्लायंटने विचारलंच, "साहेब, डुप्लिकेट टाकलंय काय?" पैसे मोजून घेतलेल्या माणसाला हे ऐकायला लागतं, ते जिव्हारी लागलं.

नंतर कळलं भानगड काय ते. दुकानदाराने केएमएस पद्धतीने ॲक्टिव्हेट केलेलं. ती पद्धत मोठ्या कंपन्यांसाठी असते, ऑफिसात त्यांचा स्वतःचा सर्व्हर असतो आणि प्रत्येक पीसीने १८० दिवसांच्या आत त्याच्याकडे हजेरी लावायची असते. माझ्या ऑफिसात कुठला सर्व्हर, मग पाडव्यापासून सहा महिने भरले आणि संपलं. दुकानदाराला फोन केला तर म्हणे घेऊन या, परत मारून देतो. परत मारून म्हणजे आणखी सहा महिने! नको म्हटलं, बिल आणि कीसकट ओरिजिनल लायसन्स दुसरीकडून घेतलं.

विंडोज अस्सल आहे का ह्या तपासणीबद्दल माझं म्हणणं एवढंच की चोरी करणारा त्यातून वाट काढतोच, फटका बसतो तो ज्याने विश्वासाने पैसे दिलेत त्याला. हे आजचं नाही. विंडोज एक्सपीबरोबर २००१ साली हे ॲक्टिव्हेशन घराघरात आलं, आणि ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच सर्व्हरवर गडबड झाली तेव्हा अस्सल लायसन्सवाल्या हजारो मशीन काही तास नकली ठरल्या होत्या.

आता दुसरी गोष्ट, कुठलाही प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये बदल करायला निघाला की स्क्रीन काळवंडून येणारी "येस / नो" विचारणा. ही विंडोज व्हिस्टापासूनची. मायक्रोसॉफ्टच्याच एका मॅनेजरने २००८ मध्ये जाहीर सांगितलं होतं की लोकांना त्रास व्हावा म्हणूनच ती ठेवली, म्हणजे सॉफ्टवेअर बनवणारे सुधारतील, विनाकारण परवानगी मागणार नाहीत. हेतू पटतो मला. पण माझ्या कामात डिजिटल सहीच्या टोकनचा (पेनड्राइव्हसारखं असतं ते) ड्रायव्हर, सहीची युटिलिटी, टॅलीचं अपडेट, प्रत्येकाला विचारणा, आणि क्लायंटकडे रिमोटवर काही करायला गेलं की ती विचारणा आल्यावर बऱ्याचदा मला नुसती काळी स्क्रीन दिसते, मग फोनवर सांगायचं "दादा, येस दाबा, दाबलं का?"

आमच्याकडे एन्ट्रीला मुलगी आहे, हुशार आहे, तिचं बोट मी जवळून बघितलंय, स्क्रीन पूर्ण काळी व्हायच्या आत येसवर गेलेलं असतं. जूनमध्ये व्हॉट्सॲपवर बिल म्हणून झिप आली, आत बिल नव्हतंच, प्रोग्रॅम होता, विचारणा आली ती नेहमीच्या निळ्या पट्टीऐवजी पिवळ्या पट्टीची, पब्लिशर अननोन, म्हणजे बनवणारा कोण ते माहीत नाही, तिने त्याच वेगात येस दाबलं. अँटिव्हायरसने अडवलं म्हणून शंभरेक क्लायंटचा डेटा वाचला. मी तिला एक शब्द बोललो नाही, दिवसभरात वीस वेळा जे दाबायला आपणच शिकवलं तेच तिने एकविसाव्यांदा केलं.

त्यानंतर तिचं अकाउंट स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकारांचं केलं, आता येसऐवजी पासवर्ड मागतं आणि तो माझ्याकडे आहे. उठून जावं लागतं, सीझनमध्ये वैताग येतो, तरी विचारणा बंद मात्र केली नाही आणि तुम्हीही करू नका. आता ती मला हाक मारतानाच सांगते, "सर, निळी आहे, टोकनवाल्या कंपनीचं नाव आहे."

असेंबल पीसी घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी दुकानातच विंडोज आणि आर एकत्र दाबा, एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश एक्सपीआर टाइप करा. परमनंटली ॲक्टिव्हेटेड आलं तर ठीक, संपायची तारीख आली तर ती दुकानदाराला दाखवा आणि लायसन्सचं वेगळं बिल मागा.