एलईडी मूव्हिंग हेड : ऑर्केस्ट्राला बिनधास्त, नाटकाला जपून

गेल्या दिवाळीआधी १५० वॅटचे चार एलईडी स्पॉट मूव्हिंग हेड, म्हणजे स्टेजवर झोत हवा तिकडे फिरवणारे दिवे, घेतले. ऑर्केस्ट्रा, लावणी, लग्नाचं संगीत, गॅदरिंग आणि अधूनमधून नाटक, सगळीकडे फिरवून झाले.

सगळ्यात मोठा आराम लाईट जाते तेव्हा. २३० वॅटच्या शार्पीत, म्हणजे बारीक, तीव्र झोताच्या मूव्हिंग हेडमध्ये, डिस्चार्ज (वायूतून वीज जाऊन पेटणारा) दिवा असतो. जनरेटर सुरू झाला तरी दिवा गार होईपर्यंत पुन्हा पेटत नाही आणि तोवर निवेदक बिचारा किस्से सांगत बसतो. एलईडीचं हेड एकदा गरगरून रीसेट झालं की उजेड हजर. दिवे बदलायचा खर्चही गेला. मात्र उघड्या मैदानात धुरातून आरपार जाणारा झोत हवा असेल तर शार्पीच लागते, तिथे हे फिके पडतात.

नाटकात खरी कसोटी लागते. हॅलोजनचा पार (डब्याच्या आकाराचा साधा स्टेजचा दिवा) मंद करत नेला की तांबूस होत विझतो. एलईडी पांढराच राहतो आणि शेवटच्या टप्प्यात पायऱ्या उतरल्यासारखा झटके देतो. मेन्यूतला डिमर कर्व्ह (उजेड कसा कमी-जास्त होईल ते ठरवणारी सेटिंग) बदलल्यावर थोडं सुधारलं, पण हळुवार प्रसंगाचा फेड अजूनही मी पारवरच घेतो. समोरून चेहऱ्यावर टाकला तर मेकअप फिकट दिसतो. मागून किंवा विंगेतून छान चालतो. पंख्याची घरघर ऑर्केस्ट्रात कोणाच्या लक्षात येणार? नाटकातल्या शांततेत पहिल्या रांगांना ती ऐकू जाते.

हेड डीएमएक्सवर, म्हणजे लाईट बोर्डाकडून हुकूम नेणाऱ्या सिग्नलवर, चालतात. १६ चॅनेल मोडवर प्रत्येक हेड सोळा चॅनेल घेतं, म्हणून त्यांचे सुरुवातीचे चॅनेल, म्हणजे ॲड्रेस, १, १७, ३३, ४९ असे लावतो. वायरिंगला माईकची केबल वापरू नका. ती जवळच्या अंतरावर चालून जाते, लांब ओढली की हेड मधेच थरथरायला लागतं. डीएमएक्सचीच केबल घ्या आणि शेवटच्या हेडला दोन-तीन नंबरच्या पिनांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर असलेला टर्मिनेटर (ओळीच्या टोकाला बसवायचा प्लग) लावा.

स्मोकचा तेलकट थर आणि धूळ मिळून पंख्यावर खरपुडी धरते, ती ब्रशने काढावी लागते. एका हेडचा टिल्ट (वर-खाली झुकणं) अडकायला लागला म्हणून उघडलं, तर पट्टा सैल झालेला. विक्रेत्याकडे सुटा पट्टा नव्हता, अख्खं हेड पाठवा म्हणाला. शेवटी इथल्याच कारागिराकडून ताणून घेतला.

दुकानात हेड पूर्ण उजेडात नाचवून दाखवतात, त्याला भुलू नका. डिमर दहा टक्क्यांवर आणून सावकाश शून्यावर न्यायला सांगा. गाणं बंद करून पंखा ऐका. खोक्यात क्लॅम्पसोबत सेफ्टी वायर आहे का तेही बघून घ्या, माझ्या खोक्यांत नव्हती.