घटस्फोटाचा अर्ज : स्वतः लिहावा की वकिलाकडून?

एका मैत्रिणीला पडलेला प्रश्न. दोघांची संमती आहे, सहा वर्षांची मुलगी आहे, मग वकिलाची फी कशाला?

कौटुंबिक न्यायालय कायदा 1984, कलम 13 नुसार तिथे वकील लावणे हा पक्षकाराचा हक्क नाही. न्यायालयाची परवानगी लागते. म्हणजे स्वतः अर्ज करणे पूर्ण कायदेशीर आहे.

खर्चात स्वतः लिहिणे उघडच स्वस्त. पण महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे फार कमी जणींना माहीत असते, म्हणून मुद्दाम सांगते.

मेहनतीत फारसा फरक नाही. लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा तुम्हालाच गोळा करायचा.

खरा फरक मसुद्यात पडतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब (परस्पर संमतीने घटस्फोट) च्या अर्जात वर्षभर वेगळे राहिल्याचे लिहावे लागते, ते जमते. मुलीच्या ताब्याच्या अटी मात्र लोक ‘वडील मुलीला भेटू शकतील’ एवढ्यावर सोडतात आणि पुढे दर सुट्टीला भांडतात. लिहा : दर शनिवारी 10 ते 6, दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी, शाळेची फी कोण भरणार, पासपोर्टवर सही कोण करणार.

सगळे ठरले असेल, मालमत्तेचा गुंता नसेल, तर स्वतः लिहा. सही करण्यापूर्वी एकदा वकिलाला दाखवा. ताबा किंवा पोटगीवर वाद असेल, घरात मारहाण झाली असेल, तर पहिल्या दिवसापासून वकीलच हवा.