लेपा सांगून बासा दिला

ऑपरेशननंतर बाबांना काट्यांचा मासा नको होता, पण तोंडाला चव हवी होती. "लेपे मिळाले तर बघ," म्हणाले. आमच्या घणसोलीच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घरपोच मासे देणाऱ्या एकाचा मेसेज होता: 'ताजा लेपा, साफ केलेले फिले, ९०० रुपये किलो.' फिले म्हणजे काटे काढलेले तुकडे, म्हणून मी किलोभर मागवला. जुलै चालू होता, तेव्हाच खटकायला हवं होतं. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि लेपा तर समुद्राच्या तळाशी वाळू-चिखलात राहणारा, ट्रॉलरच्या जाळ्यात येणारा मासा. ताजा येणार कुठून?

पिशवीत गुलाबीसर पांढरे तुकडे होते, अंगठ्याएवढे जाड. आईने एक उचलला आणि म्हणाली, "अगं, लेप्याला एवढं मांस कुठलं?" ती रेवदंड्याची, लहानपणापासून लेपे सोललेली. लेपा जिभेसारखा चपटा. पिल्लू असताना त्याचे डोळे इतर माशांसारखे दोन बाजूंना असतात. वाढताना एक डोळा सरकत दुसऱ्याशेजारी येतो, दोन्ही डाव्या अंगाला. मग तीच बाजू वर करून तो वाळूत पडून राहतो, वरून मातकट, खालून पांढरा. त्याची अशी जाड वडी पडूच शकत नाही.

तव्यावर पाणी सुटलं, रवा निसटून आला. तो बासा होता. गोड्या पाण्यात पाळलेला, व्हिएतनामहून गोठवून येणारा, हल्ली आपल्याकडेही वाढवतात. बासा खाण्यात काही वाईट नाही, पण त्याच माणसाच्या यादीत बासा ३८० रुपये किलो होता! बाबांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं. पैशांपेक्षा ते जास्त लागलं.

फोटो पाठवले तर उत्तर आलं, "मॅडम, सोल म्हणून सगळे हेच देतात." सोल म्हणजे लेप्याचं इंग्रजी नाव. पुढे नंबरच ब्लॉक. एका माशाच्या नावाने दुसरा विकला तर २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यात ३ लाखांपर्यंत दंड आहे, पण माझ्याकडे बिल नव्हतं. तुम्ही बिल मागाच, त्यावर माशाचं नाव लिहून घ्या. आणि लेपा घ्यायचा तर अख्खाच घ्या, साफ समोर करून घ्या.

ऑगस्टमध्ये मी नवी मुंबईतल्या दिवाळे गावाच्या मासळी बाजारात गेले. मावशींनी डोक्याजवळ चीर दिली आणि साल कागदासारखी ओढून काढली. त्याआधी मी प्रत्येक लेप्याचे डोळे बघून घेतले होते.