पांढरं, मोतिया, राखाडी की काळं? क्विल्टच्या पार्श्वभूमीचं कापड निवडताना

क्विल्ट म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेलं गोधडीसारखं पांघरूण, आणि ब्लॉक म्हणजे त्यातला एक चौकोन. ओहायो स्टार या ताऱ्याच्या नमुन्याचा बारा इंची ब्लॉक घ्या. त्यात चार-चार इंचांची नऊ घरं असतात. चार कोपरे पूर्णपणे पार्श्वभूमीचे, आणि चार बाजूंच्या घरांतला निम्मा भागही तिचाच. म्हणजे नऊपैकी सहा घरांइतकी जागा पार्श्वभूमी व्यापते, आणि हौसेने जमवलेल्या रंगीत तुकड्यांच्या वाट्याला तीन घरं येतात. तरीही तुकडे आधी ठरतात आणि पार्श्वभूमी ‘पांढरी घेऊ, पांढऱ्यावर सगळं उठून दिसतं’ म्हणून शेवटी उरकली जाते. पांढऱ्यावर सगळं उठून दिसत नाही. फिका गुलाबी आणि लिंबू रंग तर त्यावर जवळजवळ विरून जातात.

पार्श्वभूमी ठरवताना आवडता रंग कोणता हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा, की तुमचे तुकडे किती गडद आणि किती फिके आहेत. आणि त्याच्याच जोडीला, ही क्विल्ट भिंतीवर राहणार आहे की आठवड्याला धुतली जाणार आहे.

आधी तुकड्यांचे ढीग करा

सगळे तुकडे जमिनीवर पसरून दिवसाउजेडी मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. रंग निघून गेला की उरतो तो फक्त गडद-फिकेपणा, आणि तिथे डोळ्यांची फसगत उघडी पडते. डाळिंबी आणि बाटलीचा हिरवा एरवी एकमेकांचे वैरी वाटतात. फोटोत बरेचदा दोन्ही एकाच राखाडी छटेचे निघतात. या फोटोवरून तुकड्यांचे पाच ढीग लावा: अगदी फिके, फिके, मध्यम, गडद, अगदी गडद. ज्या ढिगात सर्वांत जास्त तुकडे पडले, त्याच्यापासून पार्श्वभूमी किमान दोन पायऱ्या दूर हवी. एकच पायरीचं अंतर असेल तर ब्लॉक हातात घेतल्यावर छान दिसतो आणि तीन मीटरवरून नमुना हरवतो.

शेजारचा रंग आपला रंग बदलून टाकतो, ही गोष्ट कापडवाल्यांनीच आधी अनुभवली. पॅरिसच्या गोबेलॅं या भिंतपडदे विणणाऱ्या कारखान्यात निळ्या-जांभळ्या विणकामातला काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. तिथल्या रंगकामाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी तपास केला तेव्हा काळ्या रंगात खोट निघाली नाही. दोष शेजारच्या रंगांचा होता. त्यांनी या परिणामाचे नियम 1839 मध्ये मांडले. क्विल्टमध्ये त्याचा अर्थ असा: पांढऱ्यावर ठेवलेला तुकडा आहे त्यापेक्षा गडद दिसतो, काळ्यावर ठेवलेला तोच तुकडा उजळ दिसतो. म्हणून दुकानात गठ्ठ्यावर पाहिलेल्या रंगावर विसंबू नका.

शुभ्र पांढरं की मोतिया

सर्वांत जास्त घोळ याच जोडीत होतो, कारण फरक लहान वाटतो.

शुभ्र पांढऱ्या कापडावर बहुधा चमक आणणारी द्रव्यं चढवलेली असतात. ती सूर्यप्रकाशातले अतिनील किरण घेऊन निळसर उजेड परत टाकतात. घरातल्या बहुतेक एलईडी दिव्यांत अतिनील किरण नगण्य असतात, त्यामुळे तिथे ही चमक दिसत नाही. परिणामी दिव्याखाली तंतोतंत जुळलेली दोन पांढरी कापडं खिडकीपाशी नेली की एक निळसर आणि एक पिवळसर निघतं. पांढऱ्याला पांढरं जोडायची वेळ आली तर खिडकीतच जोडून बघा.

शुभ्र पांढऱ्याची ताकद स्वच्छ, थंड आणि भडक रंगांत आहे: मोरपंखी, गर्द निळा, राणी, पोपटी. तुकडे मध्यम ते गडद असतील आणि नमुना धारदार कोनांचा असेल तर त्याला तोड नाही. पण त्याच शुभ्रतेपुढे मातकट रंग मळके वाटू लागतात. विटकरी, मोहरी, शेवाळी, आमसुली, जुन्या कपड्यांतून काढलेले विटलेले तुकडे, या सगळ्यांना मोतिया किंवा सायीचा रंग जवळ घेतो. तुकड्यांमधल्या छापांतली पांढरी जागा कशी आहे तेही बघा. फुलांच्या छापातला पांढरा पिवळसर असेल आणि पार्श्वभूमी शुभ्र असेल तर छापच जुनाट दिसतो. पार्श्वभूमी मोतिया आणि छापातला पांढरा शुभ्र असेल तर हा त्रास फारच कमी होतो. म्हणून तुकडे मिश्र असतील आणि निर्णय होत नसेल तर आमचा कौल मोतियाला.

धुण्यातही फरक पडतो. चमक आणणाऱ्या पावडरीने वारंवार धुतलं तर मोतिया हळूहळू पांढऱ्याकडे सरकतो. तो रंग टिकवायचा असेल तर अशी द्रव्यं नसलेला साबण वापरा.

मांजरपाटाचा विचार स्वस्त पर्याय म्हणून होतो. दिसायला ते मोतियाच्या जवळ जातं, पण त्यात सरकीचे तपकिरी कण असतात आणि ते इतर कापडांपेक्षा जास्त आटतं. कापण्याआधी गरम पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच घ्या. नाहीतर पहिल्याच धुण्यात पार्श्वभूमी आटते आणि रंगीत तुकडे फुगे आल्यासारखे वर उचलले जातात.

फिक्या पार्श्वभूमीचा खरा दोष शिवणीत आहे. रंगीत तुकड्याची पाव इंच माया (शिवणीबाहेर सोडलेली कड) पांढऱ्याखाली गेली की वरून राखाडी रेघ दिसते. माया नेहमी गडद कापडाकडे वळवून इस्त्री करा. ताऱ्याची टोकं जिथे मिळतात तिथे ते दर वेळी जमत नाही. अशा ठिकाणी गडद कापडाची माया पांढऱ्या मायेपेक्षा एक-दीड मिलिमीटर कमी कापा, म्हणजे ती पांढऱ्याआड लपते. ब्लॉक उलटा करून सुटे रंगीत धागेही कापून टाका. क्विल्ट शिवून पूर्ण झाल्यावर पांढऱ्याखाली अडकलेला एक लाल धागा कायमचा दिसत राहतो. पांढऱ्याखाली भरणही, म्हणजे वरच्या आणि खालच्या कापडामधला थरही, पांढराच घ्या. न ब्लीच केलेल्या कापसाचे पिवळसर भरण पातळ कापडातून डोकावतं.

काळं

काळ्यावर रंग दिव्यासारखे पेटतात, हे खरं आहे. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या, साधेपणाने राहणाऱ्या अमिश या ख्रिस्ती पंथाच्या स्त्रियांच्या जुन्या क्विल्टमध्ये काळ्यावर साधे, गर्द रंग लावलेले दिसतात, आणि त्यांचा जोर आजही कमी वाटत नाही. पण त्या रचनेचं मर्म नीट पाहा: तुकडे साधे आहेत, छापील नाहीत, आणि रंग भरलेले आहेत. काळ्यावर बारीक फुलांचे मध्यम छाप लावले तर ते मळकट आणि तुटक दिसतात. गडद जांभळा, आमसुली, बाटलीचा हिरवा त्यात बुडून जातात.

काम म्हणून काळं सर्वांत कष्टाचं आहे. रात्री दिव्याखाली काळ्यावर काळी शिवण उसवणं डोळ्यांना फार जड जातं. इस्त्री सुलट बाजूने केली की चकाकी येते, त्यामुळे उलट बाजूने किंवा वर ओलसर कापड ठेवून करावी लागते. खुणांसाठी साबणाची पातळ चीप किंवा पांढरा खडू उत्तम. उष्णतेने पुसली जाणारी पेनं इथे टाळा, कारण रेघ गेली तरी गडद कापडावर तिचा पांढुरका माग राहू शकतो.

त्याहून मोठी अडचण भरणाची. सुईच्या भोकांतून भरणाचे तंतू वर येतात. पांढऱ्यावर ते दिसत नाहीत, काळ्यावर कोंड्यासारखे दिसतात, आणि झटकून जात नाहीत. ओढले तर आणखी येतात. यावर उपाय एकच, काळं किंवा गडद राखाडी भरण घेणं. खालचं कापड फिकं असेल तर मशीनच्या टाक्यात बॉबिनचा फिका दोरा वर ठिपक्यासारखा उमटतो. म्हणून खालचं कापडही गडद घ्या, किंवा वर-खाली एकाच रंगाचा दोरा लावून ताण जुळवा.

काळं उतरतंही. काही काळी कापडं धुण्याने आणि उन्हाने तांबूस होतात, काही राखाडी पडतात. रोज वापरायच्या, वारंवार धुवायच्या पांघरुणाला आम्ही काळं सुचवत नाही.

गडद निळं

काळ्याचा जोर हवा आणि त्रास थोडा कमी हवा, तर गडद निळं. पिवळा, शेंदरी, गुलाबी, पांढरा यावर देखणे दिसतात. हिरवे आणि जांभळे नाहीत. डाग लपतात. मात्र रंग उतरण्याची परीक्षा घेतल्याशिवाय हे कापड कापू नका.

राखाडी

राखाडी सगळ्यांशी जमवून घेतो असं सांगितलं जातं. हे फक्त फिक्या राखाडीबद्दल बरोबर आहे. ढगासारखा फिका राखाडी पांढऱ्याचा डोळ्यांवर येणारा झळाळ घालवतो, रंग शांतपणे पुढे आणतो, आणि हाताळताना पडणारे बारीक डागही झाकतो. भडक रंगांच्या मुलांच्या क्विल्टला तो शुभ्र पांढऱ्यापेक्षा सरस ठरतो.

मध्यम राखाडी मात्र फसवा आहे. बहुतेक छापील तुकडे मध्यम ढिगातच पडतात, आणि पार्श्वभूमीही मध्यम झाली की ताऱ्याची कड विरघळते. रंग वेगळे असूनही नमुना सपाट वाटतो. मध्यम राखाडी हवाच असेल तर तुकड्यांतले सगळे मध्यम बाजूला काढा आणि फक्त फिके व अगदी गडद ठेवा. राखाडी निळसर आहे की तपकिरी झाकेचा, हे ओळखायला तो शुभ्र पांढऱ्या कागदावर ठेवा. झाक लगेच दिसते. निळसर राखाडीवर मोहरी उठतो, पण बदामी आजारी दिसतो.

साधं की बारीक छापाचं

हातानं धावदोरा घालणार असाल आणि टाके दिसावेत अशी इच्छा असेल तर साधं कापड. टाके अजून एकसारखे येत नसतील तर फिका छाप बरंच सांभाळून घेतो.

छाप निवडताना एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. पांढऱ्यावर बारीक लाल कळ्यांचा छाप आहे आणि ताराही लाल आहे. एखादी कळी नेमकी शिवणीवर आली की ती ताऱ्याला चिकटते आणि सरळ कडेतून बाहेर आलेला दात दिसतो. कापणी अचूक आहे, शिवण सरळ आहे, तरी टोक वाकडं वाटतं. त्यामुळे पार्श्वभूमीच्या छापातला रंग ताऱ्यात असू नये, आणि छाप तीन मीटरवरून एकजीव दिसावा. रेषांचे छाप त्रिकोणांत उभे-आडवे फिरतात, तेही ध्यानात ठेवा.

अनेक फिक्या छापांची मिसळ हा फार सुंदर मार्ग आहे, आणि कापड कमी पडलं तर नवं मिसळता येतं. पण आठ-दहा वेगवेगळे छाप तरी घ्या. दोन-तीनच असले तर कापड संपल्यामुळे जोड दिल्यासारखं दिसतं.

रंग उतरतो का, हे आधी कळू द्या

फिक्या पार्श्वभूमीसाठी लाल, गर्द निळे, काळे आणि जांभळे तुकडे एकेक करून तपासा. गडद पार्श्वभूमी असेल तर तीच तपासा. दोन इंची तुकडा कोमट पाण्यात, साबणाच्या थेंबासह अर्धा तास ठेवा. पाणी रंगलं नाही म्हणून थांबू नका. तो ओला तुकडा पांढऱ्या सुती कापडावर पसरून तसाच वाळू द्या. डाग पडला तर पुन्हा धुऊन परीक्षा घ्या. तिसऱ्यांदाही डाग पडला तर ते कापड पांढऱ्याशेजारी नको. मीठ किंवा व्हिनेगर घालून सुती कापडाचा कच्चा रंग पक्का होत नाही. एकोणिसाव्या शतकात लाल-पांढऱ्या क्विल्ट एवढ्या लोकप्रिय झाल्या त्यामागे टर्की रेड हा मंजिष्ठ वर्गातल्या मुळापासून केलेला लाल होता, आणि तो धुण्यात टिकत असे.

तयार क्विल्टमध्ये रंग पसरलाच तर ती वाळू देऊ नका. भरपूर कोमट पाण्यात साबण घालून बुडवून ठेवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा.

दोन ब्लॉक, मग खरेदी

मन दोन रंगांत अडकलं असेल तर दोन्हींचं पाव-पाव मीटर आणा आणि एकाच तुकड्यांचा एकेक पूर्ण ब्लॉक शिवा. कापडाची चिंधी शेजारी ठेवून अंदाज येत नाही, कारण पार्श्वभूमीचं प्रमाणच तिथे उलटं असतं. ब्लॉक भिंतीवर लावून सकाळी आणि रात्री, तीन मीटरवरून बघा.

मग हिशेब. साठ बाय बहात्तर इंचांच्या क्विल्टला बारा इंची 30 ब्लॉक लागतात. प्रत्येक ब्लॉकला, माया धरून, पार्श्वभूमीचे साडेचार इंची चार चौकोन आणि त्रिकोणांसाठी सव्वापाच इंची दोन चौकोन, म्हणजे एकूण 120 आणि 60. कापडाचा पन्हा 44 इंच असला तरी काठ सोडून 41 धरा. एका पट्टीत साडेचार इंची नऊ बसतात, म्हणून 14 पट्ट्या, 63 इंच. सव्वापाच इंची सात बसतात, म्हणून 9 पट्ट्या, सव्वासत्तेचाळीस इंच. बेरीज सुमारे 110 इंच, म्हणजे 2.8 मीटर. आटणं आणि चुकीची कापणी धरून सव्वातीन मीटर घ्या, आणि सगळं एकाच ताग्यातून, एकाच वेळी घ्या. मोतिया आणि काळा या दोन रंगांत तागा बदलला की छटा बदलल्याचं सर्वांत आधी जाणवतं. तरीही कमी पडलंच, तर नवं कापड मधल्या ब्लॉकमध्ये घुसवू नका. ते चारही बाजूंच्या किनारीला लावा, मध्ये एक अरुंद रंगीत पट्टी देऊन.